अंगणातील झाडांची वसंतपूर्व तयारी : हिंगणे ते कर्वेनगर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून वसंत ऋतू आणि व्याख्यान यांची जी सांगड पडली, ती आजतागायत टिकून आहे. तथापि या योजनेत एक गंमत आहे. व्याख्यानमाला भरते तेव्हा वसंत दाराशी येऊन उभा राहिलेला असतो, आणि त्याच्या तयारीची वेळ मात्र केव्हाच उलटून गेलेली असते. आज आपल्या अंगणातील आंबा कैऱ्यांनी लगडलेला असेल किंवा नुसत्याच पाल्याने भरलेला असेल. त्याचा निकाल गेल्या मार्गशीर्ष-पौषातच लागलेला आहे. म्हणून आज मी वसंताचे वर्णन करणार नाही. ते कवींचे काम आहे. वसंतापूर्वी झाडाची तयारी कशी करावयाची, हे ज्ञान आपल्या मुलखात कसे जमत गेले, आणि कर्वेनगरसारख्या वस्तीत ते कसे विसरले गेले, एवढेच सांगण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावयास हवा. विलायतेत झाडाला झोप येते ती थंडीने, आणि जाग येते ती उबेने. त्यामुळे तिकडील बागकामाच्या पुस्तकांत वसंताची तयारी म्हणजे बर्फाने मोडलेल्या फांद्या काढणे, खत घालणे आणि झाडाला वाढीस लावणे. आपल्या देशावर पाणी गोठण्याइतकी थंडी सहसा पडत नाही. पुण्यास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने जमीन हळूहळू सुकत जाते. आपल्याकडील झाडाला जी विश्रांती मिळते ती थंडीपेक्षा तहानेमुळे अधिक मिळते. पळस, पांगारा, काटेसावर ही रानातली झाडे पाहा. कोणी त्यांना पाणी घालीत नाही, खत देत नाही; पाने गाळून ती उघडीबोडकी उभी राहतात आणि मग एकाएकी फुलांनी पेटतात. आपल्या शेतकऱ्याने हे पाहिले, आणि रानाचा हा धडा त्याने बागेत आणला.

आता यामागील परंपरा पाहू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील तीन गोष्टी आजच्या घरमालकाने कंपाउंडच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली अंतराची. दोन झाडांत वीस हात अंतर असावे हे उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हातांच्या आत तर येऊच नये. कारण जवळ लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांना भिडतात, आणि मग ती झाडे नीट फळत नाहीत. दुसरी पाण्याची. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन सुकली तरच पाणी द्यावे. म्हणजे ऋतू बदलला की पाण्याचे मानही बदलले पाहिजे, हे तत्त्व तेथे स्पष्ट आहे. तिसरी रोगाची. आजारी झाडावर प्रथम शस्त्र चालवावे, म्हणजे सडका भाग कापून टाकावा, आणि मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा. प्रथम सुरी आणि मग लेप, हा क्रम आपण लक्षात ठेवू. पुढे त्याचा पुन्हा संबंध येणार आहे.

मराठी राज्यात येऊ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडासंबंधी जो मजकूर आहे तो सुप्रसिद्ध आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराला उपयोगी खरी. परंतु ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर धन्याला राजी करून आणि मोल देऊन ते तोडावे, असा त्याचा आशय आहे. झाडाचे वय हीच झाडाची किंमत आहे, ही गोष्ट राज्यकारभाराच्या ग्रंथात इतक्या स्पष्टपणे नोंदलेली पाहून आजही कौतुक वाटते.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ज्ञान कोणा पंडिताने नव्हे, तर दख्खनच्या माळ्यांनी व बागाइतदारांनी कमावलेले आहे. ते म्हणजे बहार धरण्याचे तंत्र. मुळात ‘बहार’ हा शब्द फारसी आणि त्याचा अर्थच वसंत. आमच्या बागाइतदाराने तो शब्द उचलला आणि त्याचे तीन वसंत केले! मृग नक्षत्राच्या पावसावर जूनच्या सुमारास फुले येतात तो मृग बहार. हस्ताच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो तो हस्त बहार. आणि आंब्याला मोहर येतो त्या काळात, जानेवारी-फेब्रुवारीत येतो तो आंबे बहार. संत्रे, मोसंबे, लिंबू, पेरू, डाळिंब या झाडांकडे वर्षातून तीनदा फुलण्याची शक्ती असते. परंतु तीनही वेळा फुलू दिले तर झाड थकते आणि एकही बहार धड येत नाही. म्हणून तिहींतील एक निवडावयाचा व बाकीचे दोन सोडून द्यावयाचे. आंबे बहार हा खरा वसंताचा बहार, आणि त्याची तयारी हीच आपल्या अंगणातील वसंतपूर्व तयारी होय.

ही तयारी चालते ती अशी. पावसाळा सरून जमीन वाफशावर आली की झाडाचे पाणी तोडावयाचे. यालाच ताण देणे म्हणतात. हलक्या, मुरमाड जमिनीत काही आठवडे पुरतात. खोल काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तेथे दीड-दोन महिने लागतात. पाणी तुटले म्हणजे नवी पालवी थांबते. पाने मात्र काही दिवस अन्न तयार करण्याचे काम चालूच ठेवतात, आणि ते अन्न वाढीवर खर्ची न पडता फांद्यांत साठत जाते. मग पाने मलूल होतात, पिवळी पडतात आणि त्यांतील बरीचशी गळतात. या सुमारास आळे हलक्या हाताने खणून वरच्या बारीक मुळ्यांना ऊन दाखवावयाचे, वाळलेल्या व रोगट फांद्या काढावयाच्या, कुजलेले शेणखत घालून आळे पुन्हा बांधावयाचे. नंतर पहिले पाणी द्यावयाचे ते हलके. त्याला आंबवणी म्हणतात. तीन-चार दिवसांनी दुसरे, थोडे अधिक, ते चिंबवणी. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या. असे केले म्हणजे डोळे फुटतात ते नुसत्या पालवीचे नव्हे, तर फुलांचे.

अमेरिकेत क्राउस आणि क्रेबिल या दोघा शास्त्रज्ञांनी १९१८ साली टोमॅटोच्या झाडांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की झाडात साठलेले पिष्ट व साखर आणि जमिनीतून येणारे नत्र यांच्या प्रमाणावर फुलणे-फळणे अवलंबून असते. पुढील संशोधनाने या उपपत्तीत पुष्कळ भर घातली, झाडातील संप्रेरकांचा वाटा उघडकीस आणला. परंतु वाढ रोखल्याखेरीज फूल नाही, हे सूत्र आमच्या माळ्याला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते. त्यातही त्याला विवेक होता. नारळ आणि केळ यांना तो ताण देत नसे. लहान, अंग न धरलेल्या झाडालाही देत नसे. मोरीचे पाणी केळीला आणि अळूला, आणि आंबा त्यापासून दूर, ही जुन्या परसाची मांडणी उगीच झालेली नव्हती.

या तंत्राला शास्त्राची जोड मिळाली ती आपल्या अगदी जवळ, वेताळ टेकडीच्या पलीकडे, गणेशखिंडीत. तेथील बाग १८७३ साली सुरू झाली. जॉर्ज मार्शल वुड्रो हे तिचे अधीक्षक होते. हिंदुस्थानातील बागकामावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि १९०४ साली आंब्याच्या जातींवर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे बर्न्स आणि प्रयाग यांचा आंब्यावरील ग्रंथ मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९२१ च्या सुमारास काढला. त्यानंतर डॉ. चीमा आले. अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून त्यांनी १९२७ साली एक निवडले. तोच लखनौ-४९, ज्याला आपण सरदार पेरू म्हणतो. आळंदी जातीच्या डाळिंबातून त्यांनी १९३६ साली केलेली निवड पुढे १९७० मध्ये ‘गणेश’ या नावाने ओळखली जाऊ लागली. नाव लखनौचे असले तरी हा पेरू पुण्यात जन्मला, आणि गणेश हे नाव गणेशखिंडीची आठवण देते. आपल्यापैकी ज्यांच्या दारात सरदार पेरू किंवा गणेश डाळिंब उभे आहे, त्यांनी आपल्या झाडाचे हे माहेर जाणून असावे. ती बाग आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे असून २०२० साली तिला जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला.

आता कर्वेनगरकडे वळू. हे नाव अलीकडचे. मूळ गाव हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेगाचा कहर चालू होता. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, आणि १९०० साली तेथे आश्रमाची झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन आटोपून अण्णासाहेब पुण्याहून चार मैल चिखल तुडवीत तेथे जात, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या झोपडीतून आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था वाढली. संस्थेच्या या वाढीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच जमिनीवर पाणी कसकसे आले हाही एक इतिहास आहे, आणि झाडांचे नशीब त्याच्याशी बांधलेले आहे.

पहिले पाणी विहिरीचे. मोट चालवावयाची तर बैल हवेत, माणूस हवा. म्हणजे प्रत्येक पाळीला मोल होते. अशा काळी पौषात झाडाचे पाणी तोडणे ही शास्त्राची आज्ञाही होती आणि घरची सोयही होती. दुसरे पाणी कालव्याचे. खडकवासल्याचे धरण १८८० च्या आगेमागे पुरे झाले आणि मुठेचे दोन कालवे वाहू लागले. डावा कालवा हिंगणे, कोथरूड, एरंडवणे या बाजूने जात असे; कर्वेनगरात ‘कॅनॉल रोड’ हे नाव आपण रोज उच्चारतो ते त्याचेच. तरी कालव्याचे पाणीसुद्धा पाळीने मिळे. तिसरे पाणी नळाचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही गेले, आणि नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्या आपत्तीनंतर शहर बाहेरच्या अंगाला अधिक वेगाने पसरू लागले. पुढील काही दशकांत हिंगण्याच्या शेतांचे प्लॉट पडले, बंगले उठले, त्यांच्याभोवती आंबा, नारळ, पेरू, चिकू, कडुनिंब, गुलमोहर लागले. गाव जाऊन नगर झाले, आणि अंगणात नळ आला.

नळाने मोठे सुख दिले, यात संशय नाही. परंतु नळ उघडण्यास बैल लागत नाही. जे पाणी पूर्वी विचार करून द्यावे लागे, ते आता सवयीने दिले जाऊ लागले. त्यातच इंग्रजी बंगल्याच्या अनुकरणाने हिरवळ आली. हिरवळीला रोज पाणी हवे. आणि त्या हिरवळीच्या मधोमध आंबा! कार्तिक-मार्गशीर्षात ज्या झाडाला कोरडे ठेवावयाचे, त्याच्या मुळाशी रोज ओल. मग तो मोहराऐवजी पालवी काढतो, आणि धनी म्हणतो, ‘आमचा आंबा मेला वांझोटा आहे.’ झाड वांझोटे नसते. त्याला विश्रांती मिळालेली नसते.

दुसरे संकट याच्या अगदी उलट आहे. अंगणात मोटारी आल्या, चिखल नको म्हणून फरशी आली, काँक्रीट आले, आणि ते बुंध्याला भिडेपर्यंत आले. आता पावसाळ्यातही मुळाशी पाणी मुरत नाही, आणि हवा तर मुळीच पोचत नाही. मुळांनाही श्वास लागतो हे आपण विसरतो. अशी गुदमरलेली मुळे कुजतात. वरून झाड हिरवे दिसते आणि वैशाखातल्या एखाद्या वावटळीत उन्मळून पडते. मग वर्तमानपत्रात येते की वादळाने झाड पाडले. पुष्कळदा वादळ केवळ निमित्त असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. आपल्या स्वतःच्या अंगणात एवढे करण्यासाठी आदेशाची वाट कशाला पाहावयाची?

छाटणीसंबंधी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांत झाडाला जी इजा होते ती बहुधा छाटणीच्या नावाखाली होते. सगळ्या झाडांची छाटणी एका वेळी करून घेण्याची पद्धत सोयीची असली तरी चुकीची आहे. सीताफळ माघाच्या सुमारास पाने गाळते. त्याची फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून तेव्हा हलकी छाटणी चालते. डाळिंबाची छाटणी ताणाच्या काळात करतात. मोगऱ्याचे पाणी पौषात तोडून त्याला छाटावे, म्हणजे उन्हाळ्यात तो भरून येतो. आंब्याला मात्र मोहराआधी कात्री लावू नये. त्याची विरळणी फळे उतरल्यावर. बहाव्याला, गुलमोहराला फुलून झाल्यानंतर हात लावावा. नारळाच्या हिरव्या झावळ्या तर तोडूच नयेत. आणि वैशाखात सरसकट कुऱ्हाड चालविण्याचा जो रिवाज पडला आहे, त्याने कावळ्यांची भरली घरटी खाली येतात हेही ध्यानात असावे.

मोठी फांदी काढताना प्रथम खालच्या बाजूने थोडा काप घ्यावा, नाही तर ती पडताना खोडाची साल ओरबाडून नेते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर वळी असते. ती राखून कापावे. लांब खुंट ठेवू नये आणि खोडालगत सपाटही कापू नये. अमेरिकेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सिद्ध केले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंती घालते आणि कुजलेला भाग कोंडून टाकते. ती फुगीर वळी म्हणजे या भिंतीचा पाया. मोठ्या जखमेवर रंग, डांबर फासण्याने कुज थांबत नाही, असेही त्यांना आढळले. म्हणजे वराहमिहिराची सुरी कसोटीला उतरली, लेपाबद्दल मात्र शंका निर्माण झाली. तरी लेपाचा एक प्रकार बागेत टिकून आहे. फ्रान्सात बोर्दोजवळ रस्त्याकडेची द्राक्षे चोरांनी खाऊ नयेत म्हणून बागाइतदार वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्याच वेली भुरकट बुरशीपासून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ साली त्याने ते प्रसिद्ध केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचे मलम लिंबू-संत्र्याच्या बुंध्याला लावतात, ते बुरशीपासून राखण म्हणून. जखम भरण्याचे औषध म्हणून नव्हे.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. आपल्या मालकीचे झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही, हे त्याने ठरविले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले. हिंगण्याच्या शेतांवर पहिले बंगले बांधणाऱ्यांनी हौसेने लावलेली झाडे आज त्या वयाला पोचली आहेत. ज्यांनी ती लावली त्यांतील अनेक आज हयात नाहीत, आणि त्याच बंगल्यांच्या जागी इमारती उठत आहेत. नकाशा तयार होतो तेव्हा झाडाचा विचार सर्वांत शेवटी होतो. आणि त्यातही गेली दहा वर्षे न फळलेला, फरशीत गुदमरलेला, वेडीवाकडी छाटणी झालेला आंबा असला, तर त्याच्या बाजूने बोलावयास कोणी उभे राहत नाही. फळणाऱ्या, निकोप झाडाला शेजारीपाजारी चार वकील मिळतात. म्हणून झाडाची वर्षावर्षाची निगा ही केवळ फळाफुलांची हौस नाही. झाड टिकावे, यासाठी ती त्याच्या बाजूची साक्ष आहे. आज्ञापत्राने ज्याला लेकराप्रमाणे वाढविणे म्हटले, त्याचा अर्थ कर्वेनगरच्या अंगणात एवढाच होतो.

तेव्हा माझी आपणांस विनंती आहे ती अगदी लहान आहे. यंदाचा पावसाळा लागण्यापूर्वी बुंध्याभोवतीची हातभर फरशी उखडून तेथे माती मोकळी करावी. दिवाळी झाल्यावर आंब्याचे पाणी बंद करावे, ते फळ वाटाण्याएवढे दिसेपर्यंत. पेरू, लिंबू, डाळिंब यांना मार्गशीर्षात ताण द्यावा आणि पौष सरता सरता खत घालून हलके पहिले पाणी द्यावे. कोणी छाटणीला आला तर त्याला झाडाचे नाव विचारावे आणि महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी पाहावी. एवढे केले, तर पुढील वर्षी याच दिवसांत आपण पुन्हा जमू तेव्हा व्याख्यात्यापेक्षा आपल्या अंगणातील आंबाच वसंताविषयी अधिक चांगले सांगेल.